एमव्ही मारलं आणि फाइल गायब, किंवा 'सापडत नाही' म्हणतंय: कुठून बघायला सुरुवात करायची

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांची, फोटो स्टुडिओंची, सोसायट्यांची मशीनं सांभाळायचं माझं काम आहे. बहुतेक ठिकाणी उबंटू, काही ठिकाणी विंडोज, एखाददुसरा मॅक. आणि कमांड लाइनवरून फाइल हलवताना किंवा नाव बदलताना होणारा घोळ निस्तरायला मला सतत बोलावतात. फोनवर ऐकताना दर वेळी प्रकरण नवीन वाटतं पण मशीनसमोर बसलं की कारण ठरलेल्या पाच-सहा कारणांपैकीच निघतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी एक सांगतो, कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरात करायच्या. एमव्ही (फाइल हलवायची, नाव बदलायची कमांड) म्हणजे एम आणि व्ही जोडून, एलएस (फाइलींची यादी दाखवायची) म्हणजे एल आणि एस. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगीन.

लक्षणं काय दिसतात

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे काहीच न दिसणं. कमांड दिली, एंटर मारलं, एरर नाही, मेसेज नाही, आणि फाइल जुन्या जागी पण नाही आणि नव्या जागी पण नाही. दुसरं, फाइल डोळ्यासमोर दिसतीये तरी मशीन 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतं. तिसरं, शंभर फाइली हलवल्या आणि शिल्लक राहिली एक. चौथं, 'टार्गेट इज नॉट अ डिरेक्टरी'. मग 'परमिशन डिनाइड', 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम', 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', 'फाइल नेम टू लाँग' ही मंडळी. आणि पेन ड्राइव्हवर हलवताना मधेच लाइट गेली आणि आता काही फाइली इकडे काही तिकडे, हे तर पावसाळ्यात ठरलेलंच.

ह्यातलं पहिलं किंवा तिसरं लक्षण असेल तर पुढचं वाचायच्या आधी एक करा, त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. डाउनलोड नको, सॉफ्टवेअर इन्स्टॉल नको, आणि "परत करून बघतो" म्हणून तीच कमांड पुन्हा तर अजिबात नको. का ते खाली येईलच.

तपासणी १: आपण उभे कुठे आहोत

खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. पीडब्ल्यूडी टाइप करा, सध्या कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते कळतं. मग 'एलएस -एलए' म्हणजे लपलेल्या फाइलींसकट पूर्ण यादी. ही तपासणी पहिली ठेवायचं कारण म्हणजे लोक दोन टर्मिनल उघडी ठेवतात, एकात डेस्कटॉपवर असतात, एकात होम फोल्डरमध्ये, आणि कमांड भलत्याच खिडकीत देतात. फाइल गेलेली नसते, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये व्यवस्थित बसलेली असते. लपलेल्या फाइली बघायच्या कारण नव्या नावाच्या सुरुवातीला चुकून टिंब पडलं तर लिनक्स आणि मॅक ती फाइल साध्या यादीत दाखवत नाहीत. उलट दिशेनेही हे चावतं, स्टार (*, म्हणजे 'इथलं सगळं') लावून सगळं हलवलं तरी टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली जुन्या फोल्डरमध्येच राहतात. वेबसाइट एका फोल्डरमधून दुसरीकडे नेल्यावर चालेनाशी होते त्याचं कारण बरेचदा हेच, सेटिंगची फाइल मागे राहिलेली.

नंतर हिस्टरी ही कमांड द्या आणि नेमकं काय टाइप केलं होतं ते जसंच्या तसं वाचा. आठवणीवर जाऊ नका. माणूस सांगतो "मी बॅकअप फोल्डरमध्ये टाकली" आणि हिस्टरीत बॅकअपच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी असतं, मग फाइल कुठे गेली ते तिथेच कळतं.

तपासणी २: फाइल नवीन नावाने तिथेच आहे का

हे नीट समजून घ्या कारण अर्ध्याहून जास्त 'गायब' फाइली इथेच सापडतात.

एमव्ही ही कमांड युनिक्समध्ये अगदी पहिल्यापासून, १९७१ पासून आहे, आणि तेव्हापासून हलवणं आणि नाव बदलणं ही दोन्ही कामं ती एकटीच करते. शेवटी दिलेलं नाव जर आधीपासून असलेल्या फोल्डरचं असेल तर ती फाइल त्या फोल्डरच्या आत टाकते. तसा फोल्डर नसेल तर ती म्हणते बरं, हे नवीन नाव दिसतंय, आणि फाइलचं नावच बदलून टाकते. विचारत नाही, सांगत नाही. म्हणजे 'एमव्ही यादी.पीडीएफ बॅकअप' असं दिलंत आणि बॅकअप नावाचा फोल्डरच नसेल तर आता तुमच्याकडे बॅकअप नावाची, एक्स्टेंशन नसलेली एक फाइल आहे, आणि ती तुमची पीडीएफच आहे. पुन्हा नाव बदला, उघडेल.

शोधायची कशी? 'एलएस -एलटी' ने वेळेप्रमाणे यादी लावतात पण ती इथे फसवते, कारण एमव्हीने फाइलची मॉडिफाइड वेळ बदलत नाही, मार्च महिन्यातली फाइल आज हलवली तरी मार्चचीच दिसते. बदलते ती चेंज टाइम नावाची वेगळी नोंद. म्हणून ही कमांड द्या:

फाइंड . -सीमिन -६०

म्हणजे इथून खाली सगळ्या फोल्डरांमध्ये गेल्या ६० मिनिटांत ज्यांच्या नोंदीत काहीही बदल झाला अशा फाइली दाखव. नाव बदललेली फाइलही ह्यात येते. दुपारी गेली असेल तर आकडा वाढवा. मी जागेवर गेलो की सगळ्यात आधी हेच करतो आणि बरेचदा तिथेच काम संपतं.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून उपाय एका कॅरेक्टरचा आहे. फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ द्या, 'एमव्ही यादी.पीडीएफ बॅकअप/'. आता फोल्डर नसेल तर कमांड एरर देऊन थांबते, फाइल जागची हलत नाही. ही तिरकी रेघ हाताला वळण लागेपर्यंत मुद्दाम द्या.

तपासणी ३: एकावर एक लिहिलं गेलंय का

आता वाईट प्रकार. नौपाड्यातल्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो निवडून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे होते. तिथल्या मुलाने एक छोटा लूप लिहिला, प्रत्येक फोटो घ्यायचा आणि 'निवडलेले' मध्ये हलवायचा. फोल्डर बनवायचा राहिला होता. पहिल्या फोटोचं नाव झालं 'निवडलेले'. दुसऱ्या फोटोचंही नाव झालं 'निवडलेले', म्हणजे पहिला पुसला गेला. तिसऱ्याने दुसरा पुसला. लूप संपला तेव्हा स्क्रीनवर एकही एरर नव्हती आणि फोल्डरमध्ये होती एकच फाइल, नाव निवडलेले, एक्स्टेंशन नाही, साइज एका फोटोएवढी, उघडली तर शेवटचा फोटो, मांडवातून लोक बाहेर पडतायत तो. बाकीचे गेले. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं म्हणून ते लग्न वाचलं. ते कार्ड पुसलं असतं तर त्या घरच्यांना काय सांगणार होते?

ह्याचाच छोटा भाऊ म्हणजे शेवटचा फोल्डर लिहायचा विसरणं. 'एमव्ही *.पीडीएफ' एवढंच लिहून एंटर. फोल्डरमध्ये तीन किंवा जास्त पीडीएफ असतील तर 'टार्गेट इज नॉट अ डिरेक्टरी' येतं आणि तुम्ही वाचता. एकच असेल तरी एरर येते. पण नेमक्या दोन असतील तर पहिली दुसरीच्या नावावर जाऊन बसते आणि दुसरी संपली. कारण स्टारचा अर्थ एमव्हीला कळतच नाही, स्टार आधी शेल (तुमची ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्राम) उलगडतो आणि एमव्हीच्या हातात नुसती दोन नावं येतात, तिला वाटतं पहिलीला दुसरीचं नाव द्यायचंय.

तपासायचं कसं तर फाइली मोजा. आधी किती होत्या (कार्डवर, मेलमध्ये, बॅकअपमध्ये, जिथे खूण असेल तिथे) आणि आता किती आहेत. आकडा कमी असेल आणि तपासणी २ मध्येही बाकीच्या सापडल्या नाहीत तर एकावर एक लिहिलं गेलंय असं धरून चाला आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा. एमव्हीला अनडू नाही. कचरापेटी पण मधे येत नाही, ती डेस्कटॉपवरून डिलीट करताना असते, इथे नसते.

एक गोष्ट मात्र लगेच बघा. ती पुसली गेलेली फाइल एखाद्या प्रोग्राममध्ये अजून उघडी आहे का? असेल तर प्रोग्राम बंद करू नका, तिथूनच सेव्ह अॅज करून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. लिनक्समध्ये उघडी फाइल नावावरून पुसली तरी प्रोग्राम बंद होईपर्यंत तिचा डेटा डिस्कवर राहतो. ह्याने एका अकाउंटंटची पूर्ण बॅलन्स शीट परत मिळालेली मी बघितलीये.

आणि टाळायचं कसं, तर '-आय' लावा, तो विचारतो पुसू का म्हणून. किंवा '-एन' लावा, तो आधीपासून असलेल्या फाइलीला हातच लावत नाही. सोबत '-व्ही' लावला की काय कुठे गेलं ते प्रत्येक ओळीत सांगतो. हे तिन्ही लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे चालतात. माझी सवय अशी:

एमव्ही -एन -व्ही *.जेपीजी निवडलेले/

आणि त्याच्याही आधी ह्याच ओळीच्या पुढे इको लिहून एकदा चालवायची. इको काहीच हलवत नाही, फक्त स्टार उलगडून कमांड कशी होणार ती छापतो. वाचली, पटली, मग इको काढून पुन्हा. पाच सेकंदाचं काम आहे हो. काही लिनक्समध्ये, म्हणजे रेड हॅटच्या घरातल्या, रूट युजरला (मशीनवर सगळे अधिकार असलेला) एमव्ही आपोआप विचारतं कारण तिथे अलायस लावलेला असतो, म्हणजे एमव्ही टाइप केलं की '-आय' आपोआप जोडला जातो. तिथे हात बसलेला माणूस उबंटूवर येतो आणि ते विचारेल ह्या भरवशावर राहतो. उबंटू विचारत नाही. आणि अलायस असला तरी स्क्रिप्टच्या आत तो लागू होत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये '-एन' हाताने लिहायचाच.

तपासणी ४: फाइल दिसतीये पण 'सापडत नाही'

सगळ्यात साधं कारण नावातली स्पेस. 'मीटिंग नोट्स.टेक्स्ट' असं अवतरण चिन्हाशिवाय लिहिलं की मशीन त्याला दोन फाइली समजतं, एक मीटिंग आणि एक नोट्स.टेक्स्ट, आणि दोन्ही नाहीत म्हणतं. एरर नीट वाचलीत तर त्यात अर्धंच नाव दिसेल, तीच खूण. नाव अवतरण चिन्हात घाला, किंवा पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, बाकीचं शेल स्वतः भरतो. टॅबने नाव पूर्ण होत नसेल तर फाइल तिथे नाहीये किंवा सुरुवातीचं अक्षर तुम्हाला वाटतंय ते नाहीये, म्हणजे टॅब हीच एक तपासणी झाली.

नाव डॅशने सुरू होत असेल तर एमव्ही त्याला ऑप्शन समजते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्या, './' असं, मग ऐकते. नावाच्या शेवटी स्पेस किंवा न दिसणारं कॅरेक्टर असेल तर 'एलएस -बी' द्या, ते लपलेलं सगळं उघडं करून दाखवतं. विंडोजवर बनवलेल्या यादीतून लिनक्सवर फाइलींची नावं बदलली की प्रत्येक नावाच्या शेवटी एक न दिसणारं '\आर' चिकटतं, ते ह्यानेच कळतं.

आता जे इंग्रजी माहितीत तुम्हाला सहसा मिळणार नाही ते. मराठी नावं.

ऐरोलीच्या एका सोसायटीत 'भाडेकऱ्यांची यादी' नावाची फाइल होती. सेक्रेटरींनी फोनवर नाव टाइप करून पाठवलेली, ऑफिसच्या मशीनवर सेव्ह झाली, तिथल्या क्लार्क मॅडम तेच नाव कीबोर्डवर टाइप करत होत्या आणि मशीन ठामपणे सांगत होतं अशी फाइल नाही. स्क्रीनवर दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली तरी फरक दिसत नव्हता. कारण तो 'ऱ्या' मधला आडवा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर, त्याला हलंत, मग य. दोन, साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरेक्टर, मग य. डोळ्याला एकच, मशीनला दोन वेगळी नावं, कारण लिनक्स नाव वाचत नाही, बाइट जुळवतं. त्यातून फाइल जुन्या मॅकच्या डिस्कवरून आली असेल तर ऱ चे र आणि नुक्ता (खालचं टिंब) असे दोन तुकडे केलेले असतात, म्हणजे तिसरा प्रकार. दुसऱ्या, शेतकऱ्यांची, कर्मचाऱ्यांचे, पायऱ्या, असा र असलेल्या कुठल्याही नावात हे होऊ शकतं.

तपासायला 'एलएस' चं आउटपुट पाइप करून (मधे उभी रेघ | देऊन) 'हेक्सडंप -कॅपिटल सी' ला द्या. बाइटच्या रांगेत ई२ ८० ८डी हे तीन लागोपाठ दिसले की जॉइनरवाला प्रकार. ई० ए४ बी१ दिसलं की ऱ अक्षरवाला. उपाय सोपा, नाव टाइपच करू नका. 'भाडेक*' असं त्या र च्या आधीपर्यंत लिहून पुढे स्टार द्या आणि नाव बदलून घ्या. पण आधी 'एलएस भाडेक*' करून एकच फाइल येते ना ते बघा, कारण तपासणी ३ मधला दोन फाइलींचा प्रकार आठवा. मी सोसायट्यांना सांगतो, फाइलच्या आत मराठी बिनधास्त लिहा, नावही मराठीत ठेवा हवं तर, पण मग ते नाव हाताने टाइप करायची वेळ येऊ देऊ नका, टॅब किंवा स्टार वापरा.

मराठी नावांचा दुसरा त्रास म्हणजे लांबी. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ डिस्कवर फाइलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइट असू शकतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी तीनचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'भाडेकऱ्यांची' हा एक शब्द ३६ बाइट खातो. म्हणजे साधारण ८५ चिन्हं झाली की 'फाइल नेम टू लाँग'. विंडोजमध्ये तेच नाव आरामात बसतं कारण तिथली मोजणी वेगळी आहे, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची लांबलचक नावाची फाइल विंडोजवर उघडते आणि लिनक्स सर्व्हरवर जात नाही. नाव आधी विंडोजवरच छोटं करा, मग हलवा.

तपासणी ५: पेन ड्राइव्ह, दुसरी डिस्क, आणि लाइट जाणं

एकाच डिस्कवर फाइल हलवताना डेटा हलतच नाही, फक्त फोल्डरच्या नोंदवहीत नाव इकडून तिकडे जातं, म्हणून ४० जीबीचा व्हिडिओपण क्षणात हलतो. पण दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर हलवताना एमव्ही गुपचूप पूर्ण कॉपी करते आणि कॉपी झाल्यावर मूळ पुसते. म्हणून तिथे वेळ लागतो आणि म्हणून तिथे मधे अडकायला होतं.

मधेच लाइट गेली तर घाबरू नका. चालू असलेली फाइल मूळ जागी शाबूत असते, कारण पुसायची पाळीच आलेली नसते, पलीकडे तिची अर्धी कॉपी असते. स्टार लावून बऱ्याच फाइली दिल्या असतील तर काही पूर्ण गेलेल्या, एक अर्धी, बाकी जागेवर. अशा वेळी '-एन' लावून पुन्हा चालवलं तर ती अर्धी फाइल 'आहे' म्हणून सोडून दिली जाते, मूळ सुरक्षित राहते पण काम पूर्ण होत नाही, हे लक्षात असू द्या. मी इथे आरसिंक ही कॉपी करायची वेगळी कमांड वापरतो, 'आरसिंक -ए --रिमूव्ह-सोर्स-फाइल्स', तो साइज आणि वेळ ताडून बघतो, अर्धी असेल ती पुन्हा आणतो, आणि पूर्ण कॉपी होईपर्यंत फाइलीला खरं नाव देतच नाही. विंडोजवर हेच काम रोबोकॉपी करतो. आणि शेवटी पेन ड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा, कमांड परत प्रॉम्प्टवर आली म्हणजे पेन ड्राइव्हवर सगळं लिहून झालं असं नसतं, बरंच काही मेमरीत रांगेत असतं. महत्त्वाचा डेटा असेल तर मी हलवतच नाही, कॉपी करतो, 'एसएचए२५६सम' (फाइलच्या मजकुरावरून एक आकडा काढणारी कमांड) ने दोन्हीकडचे आकडे जुळवतो, आणि मग मूळ पुसतो.

'नो स्पेस लेफ्ट' आलं तर 'डीएफ -एच' ने जागा बघा. जागा आहे तरी तेच म्हणतंय तर 'डीएफ -आय' बघा, छोट्या छोट्या लाखो फाइलींनी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी ठेवायच्या जागा, संपलेले असतात. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीची किंवा मोठी फाइल त्यावर बसत नाही, 'फाइल टू लार्ज' येतं, जागा कितीही असो. नावात कोलन (:) असेल, रेकॉर्डिंगला वेळेचं नाव देतात ना १०:३० वगैरे, तर लिनक्सवर चालतं पण पेन ड्राइव्हवर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. कोलन, प्रश्नचिन्ह, स्टार, उभी रेघ, दुहेरी अवतरण, ही विंडोजच्या जगात नावात चालत नाहीत. आधी नाव बदला.

तपासणी ६: परमिशन

'परमिशन डिनाइड' आलं की लोक लगेच सुडो लावतात, म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवतात. थांबा. नाव बदलायला किंवा हलवायला फाइलवर नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहायचा अधिकार लागतो, आणि हलवताना दोन्ही फोल्डरांवर. 'एलएस -एलडी फोल्डरनाव' देऊन मालक कोण ते बघा. तुमचाच फोल्डर असून मालक रूट दिसत असेल तर आधी कुणीतरी सुडोने काहीतरी केलंय. ऑफिसच्या सामायिक फोल्डरवर अडवलं जात असेल तर ते मुद्दाम केलेलं असू शकतं, सुडोने ते तोडू नका, ज्याने लावलंय त्याला विचारा. सुडो लावल्यावर चुकीच्या कमांडला अडवणारं शेवटचं माणूसही बाजूला होतं.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' वेगळं प्रकरण. विंडोज आणि उबंटू एकाच लॅपटॉपवर असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बघा, ते मशीन पूर्ण बंद करतच नाही, अर्धवट झोपवतं, आणि मग उबंटू त्या डिस्कवर लिहायला नकार देतं. बरोबरच करतं. विंडोजमध्ये जा, शिफ्ट दाबून शट डाउन करा, मग या. पण लिनक्सची स्वतःची डिस्क चालता चालता रीड-ओन्ली झाली असेल तर ते डिस्क खराब होत असल्याचं लक्षण असू शकतं, खाली वाचा.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात

तिथे हलवायला मूव्ह आणि नाव बदलायला रेन अशा दोन वेगळ्या कमांड आहेत. रेनला दुसऱ्या जागी फक्त नाव द्यायचं, पूर्ण पत्ता दिला की 'सिंटॅक्स इनकरेक्ट' येतं. 'रेन *.टीएक्सटी *.बॅक' तिथे चालतं कारण स्टार रेन स्वतः समजून घेते, तेच लिनक्सवर एमव्हीला देऊ नका. मूव्ह कमांड हाताने दिली तर पुसायच्या आधी विचारते पण बॅच फाइलच्या आत विचारत नाही, तिथे '/-वाय' लावा. 'बीइंग यूज्ड बाय अनदर प्रोसेस' आलं तर फाइल कुठेतरी उघडी आहे, एक्सेल बंद करा, प्रिव्ह्यूची पट्टी बंद करा, शेअर्ड फोल्डर असेल तर शेजारच्या टेबलवर विचारा. पॉवरशेल वापरत असाल तर रिनेम-आयटमला '-व्हॉटइफ' लावा, काय होणार ते आधी सांगतं, करत नाही.

लिनक्सवर एकदम शेकडो नावं बदलायची असतील तर रिनेम नावाची कमांड आहे पण नीट बघा, उबंटू-डेबियनवर ती पर्लवाली आहे, फेडोरा-रेड हॅटवर त्याच नावाची पूर्ण वेगळी, लिहायची पद्धतच निराळी. एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवू नका. पर्लवालीला '-एन' लावला की नुसती यादी दाखवते, बदल करत नाही. लक्षात ठेवा, एमव्हीच्या '-एन' चा अर्थ वेगळा, तो खरोखर हलवतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

'इनपुट/आउटपुट एरर' दिसली, डिस्कमधून टकटक आवाज येतोय, किंवा डिस्क आपोआप रीड-ओन्ली झाली, तर एकही कमांड पुढे देऊ नका. दुरुस्तीची कमांडपण नको, एफएससीके आणि चेकडिस्क मरत्या डिस्कवर चालवले की जे वाचणार होतं तेही जातं. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

एकावर एक लिहिलं गेलं असेल आणि बॅकअप नसेल तर तीच गोष्ट, मशीन लगेच बंद. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेल्या फाइलीचा डेटा त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो. एसएसडीवर मात्र ट्रिम नावाची सफाई चालते, उबंटूवर ती आठवड्यातून एकदा आपोआप होते, ती झाली की परत मिळायची आशा जवळपास संपते. म्हणून "रविवारी निवांत बघू" चालणार नाही, आजच. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणं म्हणजे आपल्याच हाताने त्यावर लिहिणं, ते करू नका. जो रिकव्हरीवाला डिस्क न बघता फोनवरच "शंभर टक्के काढून देतो" म्हणतो त्याच्याकडे देऊ नका, चांगला माणूस आधी डिस्कची हुबेहूब कॉपी काढतो, मग त्या कॉपीवर काम करतो आणि काय मिळेल त्याची यादी दाखवून पैसे सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात नेत असाल तरी हेच विचारून घ्या.

चालू डेटाबेसच्या फाइली, म्हणजे बिलिंगचं किंवा पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं त्या, डेटाबेस चालू असताना हलवल्या गेल्या असतील तर स्वतः परत जागेवर ठेवायला जाऊ नका, सॉफ्टवेअर पण बंद-चालू करू नका, ज्यांनी ते बसवलंय त्यांना बोलवा. तसंच ऑफिसच्या सर्व्हरवर परमिशनच्या मुळाशी जायचं असेल तर ते सिस्टिम अॅडमिनचं काम.

बोलवताना चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: नेमकी कुठली कमांड दिली होती, किती वाजता, त्यानंतर मशीनवर काय काय केलं, आणि डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क. मशीन अजून चालू असेल आणि डिस्क ठणठणीत असेल तर हिस्टरीचा फोनवर फोटो काढून घ्या, स्क्रीनशॉट नको, तो त्याच डिस्कवर सेव्ह होतो.